पद्मिनीचं करायचं काय

काकांच्या प्रीमियर पद्मिनीचं करायचं काय, हा विषय आमच्यात दर मे महिन्यात सगळे कोल्हापूरला जमले की निघतो आणि आंब्याची पेटी संपली की मिटतो. 1992 चं मॉडेल, एमएच 09, रंग पांढरा (आता त्याला पांढरा म्हणणं म्हणजे जरा जास्तच झालं), काका गेल्यापासून घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. टायर बसलेत, काचांवर धुळीचा थर, आणि डिकीत उंदरांनी कधीच संसार थाटलाय.

यात एक गंमत आहे, जो जितका लांब राहतो तितका तो गाडी ठेवायच्या बाजूचा. न्यू जर्सीतला भाऊ म्हणतो फुल रिस्टोअर करूया, ड्युअल टोन कलर, क्रोम बंपर, सगळं. पुण्यातली बहीण म्हणते विकायची तर मुळीच नाही, पण खर्चही फार नको. आणि रोज सकाळी उठून जिला त्या शेडचं तोंड बघायला लागतं ती काकू म्हणते, "चालू हुत असंल तर करा रे बाबांनो, न्हाईतर उचला, मी शेड काढून तिथं वाळवणाला कट्टा करून घेते." मला विचाराल तर एवढ्या चर्चेत मुद्द्याचं बोललेली ती एकटीच.

2023 च्या ऑक्टोबरात मुंबईची पद्मिनी टॅक्सी संपली तेव्हा आमचा फॅमिली ग्रुप दोन दिवस नुसता गहिवरला होता. ताडदेव आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली 29 ऑक्टोबर 2003 ला, तिथं टॅक्सीला 20 वर्षांची मर्यादा, त्यामुळे तारीख आधीपासून ठरलेलीच होती. सगळ्यांनी काळीपिवळीचे फोटो टाकले, रडके इमोजी टाकले, आणि आपल्या घरात अख्खी एक पद्मिनी उभी आहे, तिच्यावरचं ताडपत्रीचं टोक उडालंय, ते कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

आठवणी मलाही आहेत, नाही असं नाही. स्टिअरिंगला हँडगिअर असल्यामुळे पुढची सीट एकसलग, तिथं आणखी दोघं आणि मध्ये मी. रत्नागिरीहून येताना आंबा घाट चढायला लागलो की काका एसी पंपावर ओलं फडकं टाकायचे, हा एसी म्हणजे गारव्याचा नव्हे बरं का, पेट्रोल खेचणारा पंप, तो तापला की आत पेट्रोलची वाफ होते आणि गाडी घाटातच मान टाकते. 1089 सीसी, 40 हॉर्सपॉवर, त्यात आम्ही सात जण आणि फणस. तरी चढायची बिचारी.

पण आठवणींवर गाडी चालू होत नाही म्हणून शेवटी एका जुन्या मिस्त्रींना आणून दाखवली. मला वाटलं होतं बॉनेट उघडतील, बॅटरी जोडून सेल्फ मारतील. त्यांनी किल्लीला हातसुद्धा लावला नाही. आधी आतली मॅटिंग उचलली आणि स्क्रू ड्रायव्हरनं फ्लोअरचा पत्रा टोचत बसले. "इंजिनाचं काय घिऊन बसलाय, ते उद्यमनगरात कोणबी उभं करतंय," म्हणाले, "पत्रा सडला असंल तर मात्र पैशाला तळ न्हाई." आणि ते खरंच आहे, इंजिनाचं काम मोजता येतं, प्लग काढायचे, बोअरमध्ये, म्हणजे पिस्टन वरखाली होतो त्या नळकांड्यात, ऑइल सोडून काही दिवस मुरू द्यायचं, मग हातानं फिरवून बघायचं, फिरलं तर ठीक, नाहीतर उघडायचं, बोअर, पिस्टन, रिंगा, जो काय आकडा असेल तो असेल. डेंटिंग-पेंटिंगला आकडा नसतो, एक ठिकाणचं पुट्टी खरवडलं की शेजारी नवीन भोक निघतं. आमचा फ्लोअर ड्रायव्हरच्या पायाखाली गेलाय, बाकी बरा आहे. शेड थोडी उंचावर आहे ते एक बरं, 2019 आणि 2021 च्या महापुरात ज्यांच्या गाड्या पाण्यात गेल्या त्यांना असली चर्चा करायची वेळच आली नाही.

टायरचंही तसंच, नक्षी एकदम नव्यासारखी म्हणून मी खूश होतो, तर मिस्त्रींनी कडेचे चार आकडे वाचायला लावले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्यावर 2311, म्हणजे 2011 च्या जूनमधला माल, न झिजता म्हातारा झालेला. ब्रेकचे व्हील सिलिंडर जाम, कारण ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढत राहतं आणि ते आतून गंजवतं. शिवाय आता पंपावर मिळतं ते 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल, जुने रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्राम त्यात टिकत नाहीत, ते सगळं बदलायला लागणार, टाकी उतरवून साफ करायला लागणार.

मग कागदं. 15 वर्षं झाली की गाडी भंगारात असं लोक छातीठोकपणे सांगतात, तो दिल्लीकडचा प्रकार, आपल्याकडे खासगी गाडी तपासणीत पास झाली तर नोंदणी पाच-पाच वर्षं वाढवून मिळते. फुकट नाही अर्थात, 20 वर्षांपुढच्या गाडीची फी 2025 मध्ये 10,000 झाली, वर पर्यावरण कर, वर उशिराचा दंड, आणि त्याआधी गाडी काकांच्या नावावरून उतरवायची म्हणजे फॉर्म 31, वारसांच्या सह्या, त्यातला एक वारस न्यू जर्सीत. नवी नंबर प्लेट वेगळीच. व्हिंटेज म्हणून नोंदवू म्हटलं तर त्याला 50 वर्षं लागतात, आमची बसेल 2042 मध्ये. म्हणजे धड नवी नाही, धड पुराणवस्तू नाही, पन्नाशीतल्या माझ्यासारखीच, जिला ना कुणी नोकरी देईल ना पेन्शन.

हे सगळं ऐकून झाल्यावर मिस्त्रींनी मला एकच विचारलं, "चालवणार कोण?" आणि तिथं मी अडकलो, कारण आमच्या इतक्या वर्षांच्या चर्चेत ठेवायची का, विकायची का, रंग कुठला, सगळं झालं होतं, दर आठवड्याला किल्ली फिरवून हिला रंकाळ्यापर्यंत कोण नेणार हे कधी निघालंच नव्हतं. ही काय कुणी वापरून मोडलेली गाडी नाही, उभी राहून राहून बिघडलीय. लाखभर घालून चकाचक केली आणि परत शेडमध्ये लावली तर चार पावसाळ्यांत आत्ता आहे तिथंच येणार, फक्त जास्त महागात.

तर मी चालवणार, असं मी बोलून बसलोय. त्यामुळे रंग नाही, क्रोम नाही, ड्युअल टोन तर नाहीच. आधी वारसांच्या सह्या, त्या जमल्या तर ब्रेक, मग फ्लोअरला वेल्डिंग, टाकी, पाइप, आणि सगळ्यात शेवटी इंजिन. मिस्त्री म्हणतात तेच बरोबर वाटतं, आधी गाडी थांबली पाहिजे. फ्लोअरचा पत्रा टोचल्यावर आणखी गेलेला निघाला तर मात्र मीच भंगारवाल्याला फोन करणार, हे ग्रुपवर लिहून टाकलंय. भावाला ते आवडलं नाही, त्यानं चकचकीत निळ्या पद्मिनीचा फोटो पाठवला, मी त्याला फॉर्म 31 पाठवला.

काकूकडे दिवाळीपर्यंतची मुदत मागितली. तिनं गणपतीपर्यंतची दिलीय, आणि कट्ट्यासाठी गवंडीही बघून ठेवलाय.