व्हिएन्नाची मैफल घरबसल्या बघायची म्हटलं तर... माझा अनुभव

सगळ्यात आधी हे सांगते. यूट्यूबवर लाल अक्षरांत 'लाइव्ह' लिहिलंय म्हणून कार्यक्रम लाइव्ह असतोच असं नाही. १ जानेवारी २०२५ला आमचा अख्खा पूर्वार्ध या एका गोष्टीने खाल्ला, आणि तो राग अजून उतरलेला नाही.

मैफल म्हणजे व्हिएन्ना फिलहार्मनिक या वाद्यवृंदाची नववर्षाची. बाबांना हे वेड झुबिन मेहतांमुळे लागलं. मुंबईत जन्मलेला माणूस तिथे १९९०पासून २०१५पर्यंत पाच वेळा कंडक्टर म्हणून, म्हणजे वाद्यवृंदाला इशाऱ्यांनी चालवणारा म्हणून, उभा राहिला, याचा त्यांना सख्ख्या भावाचा असावा तसा अभिमान आहे. या मैफलीत ज्याचं संगीत हमखास वाजतं, त्या वॉल्ट्झवाल्या (वॉल्ट्झ म्हणजे एक नृत्यसंगीत) संगीतकार योहान श्ट्राउसच्या जन्माचं २०२५ हे दोनशेवं वर्ष. त्यामुळे ही मैफल लागलेल्या वेळीच बघायची, असं बाबांनी दिवाळीतच जाहीर केलं होतं.

टीव्हीचा विषय लगेच मिटला. केबलवाल्याला विचारलं तर म्हणाला, "ताई, परदेशी चॅनल असा मनाने नाही लावता येत. सरकारची परवानगी असेल तोच बॉक्सवर येतो." बरोबर आहे त्याचं. ती परवानगी माहिती आणि प्रसारण मंत्रालय देतं. त्याच्या यादीतल्या एकाही चॅनलवर मैफल नव्हती.

मग राहिलं इंटरनेट. मैफल तिथल्या सव्वाअकराला सुरू होते, म्हणजे आपल्याकडे पावणेचार. बुधवार होता, ऑफिसला अर्धी रजा टाकून दादरला घरी आले. लॅपटॉप टीव्हीला जोडून ठेवला, चहा झाला, आणि साडेतीनला शोधायला बसले.

'लाइव्ह' लिहिलेले व्हिडिओ ढिगाने आले. पहिल्यात नुसता सोनेरी सभागृहाचा फोटो आणि खाली 'पूर्ण कार्यक्रमासाठी नोंदणी करा'. नाव दिलं, ईमेल दिला, पुढच्या पानावर थेट कार्डाचा नंबर मागितला. म्हणे, पैसे कापणार नाही, फक्त खात्री करायचीय. तिथेच बंद केलं. कुणीही कार्ड नंबर देऊ नका, कितीही घाई असली तरी.

दुसऱ्यात वाद्यवृंद खरोखर वाजवत होता. कंडक्टर रिकार्डो मुती, आणि त्या वर्षी मुतीच होते, म्हणजे माणूस बरोबर. मी आवाज वाढवला, सोफ्यावर टेकले. बाबा मात्र पुढे सरकून स्क्रीनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अगं, फुलं आहेत, दिवे आहेत, माणसं कुठायत?" कॅमेरा मागे गेला तेव्हा मलाही दिसलं. खुर्च्यांच्या रांगाच्या रांगा रिकाम्या. ती २०२१ची मैफल होती, कोविडच्या वर्षातली. तेव्हाही मुतीच होते आणि समोर एकही श्रोता नव्हता. चार वर्षांपूर्वीचं रेकॉर्डिंग, कोपऱ्यात लाल 'लाइव्ह', आणि बाजूच्या चॅटमध्ये जगभरातले लोक एकमेकांना नववर्षाच्या शुभेच्छा देतायत. मला इतकं वाईट वाटलं त्या लोकांसाठी! रिपोर्ट केलं. मैफल संपली तरी तो व्हिडिओ तसाच चालू होता.

तिसऱ्यात सभागृह भरलेलं होतं, पण कंडक्टर दिसल्याबरोबर बाबा ओरडले, "हा तर आपला झुबिन!" म्हणजे तीही जुनीच. एरवी बाबांनी आनंदाने बघितली असती, पण त्या दिवशी त्यांना ती नकोच होती.

एव्हाना चार वाजून गेले होते. शेवटी एका युरोपीय वाहिनीच्या साइटवर गेले. जाहिरात दिसली, निवेदिका दिसली, आणि मग काळी पाटी आली. फोनने भाषांतर करून दिलं: हक्कांच्या कारणास्तव हा कार्यक्रम तुमच्या देशात दाखवता येत नाही. प्रक्षेपण ऑस्ट्रियाची ओआरएफ ही वाहिनी करते, नव्वदहून अधिक देशांत ते जातं, आणि हक्क देशागणिक विकले जातात, हे मला समजतं. पण ज्यांच्याकडे हक्कच नाहीत ते जुनं रेकॉर्डिंग ताजं म्हणून खपवतात, आणि ज्यांच्याकडे आहेत ते आमच्या तोंडावर दार लावतात. आम्ही पैसे भरायला तयार होतो. एकाही पानावर भारतातल्या माणसाने पैसे भरायची सोयच सापडली नाही. भाचा फोनवर व्हीपीएन लाव म्हणत होता, म्हणजे साइटला आपण दुसऱ्या देशात आहोत असं वाटतं, पण बाबांना असं चोरवाटेने जाणं मान्य नव्हतं, आणि मलाही.

सुटका केली रेडिओने. ऑस्ट्रियाची ओ-आइन्स ही रेडिओ वाहिनी तीच मैफल थेट लावते आणि तिचं लाइव्ह प्रक्षेपण इथे विनासायास, फुकट लागलं. मध्यंतरात जर्मन गप्पा होत्या, त्या चालू दिल्या. उत्तरार्ध पूर्ण मिळाला. त्यात कॉन्स्टान्झ गाइगरचा वॉल्ट्झ होता. या मैफलीत बाईने रचलेलं संगीत प्रथमच वाजलं, आणि ते आम्ही वाजलं त्याच क्षणी ऐकलं. शेवटच्या राडेट्झ्की मार्चला श्रोतेही टाळ्या वाजवतात, तेव्हा बाबांनी टाळ्यांचा ठेका अगदी मुतींच्या इशाऱ्याने धरल्यासारखा धरला.

म्हणून पुढच्या वेळी रेडिओ आधी लावून ठेवा, चित्राच्या शोधात नंतर जा. त्या वर्षीचा कंडक्टर कोण ते आदल्या दिवशी बघा आणि व्हिडिओत सभागृहाकडेही नजर टाका. निवडक रचनांचे खरे व्हिडिओ फिलहार्मनिकच्या स्वतःच्या यूट्यूब चॅनलवर नंतर येतात, आणि पूर्ण ध्वनिमुद्रण काही दिवसांतच गाण्यांच्या ॲपवर मिळतं. हो, आणि याच वाद्यवृंदाची उन्हाळ्यात श्योनब्रुन राजवाड्याच्या बागेत रात्रीची मैफल असते. तेव्हा तिथलं घड्याळ तासभर पुढे असतं, त्यामुळे साडेचार नाही, साडेतीन तास मिळवायचे.