मालवाहू कंपनीत वैमानिक व्हायचंय? 'कमांड'चे कोणते तास मोजले जातात ते आधी नीट बघा

अमेरिकेतल्या मोठ्या मालवाहू कंपन्यांच्या वैमानिक भरतीत एक अट वर्षानुवर्षं ठाण मांडून आहे: टर्बाइन पीआयसी (पायलट इन कमांड), म्हणजे टर्बाइन इंजिनाच्या (जेट किंवा पंख्याच्या टर्बोप्रॉप) विमानावर कमांडमध्ये, उड्डाणाचा प्रमुख म्हणून घालवलेले तास. कंपनी आणि काळ बदलला की आकडा खालीवर होतो, पण सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं माप १००० तासांचं. २०२१-२२ मध्ये वैमानिकांची टंचाई होती तेव्हा प्रवासी आणि मालवाहू दोन्हीकडे अनेकांनी ही अट सैल केली, किंवा 'असल्यास प्राधान्य' एवढीच ठेवली. भरती मंदावली की उमेदवारांची रांग लांबते आणि 'प्राधान्य' हीच व्यवहारात अट होऊन बसते. त्यामुळे हे तास जमवायचेच असं धरून चालावं.

अर्ज अडतात ते मात्र बहुतेकदा तास कमी पडल्यामुळे अडत नाहीत. लॉगबुकात १४०० तास पीआयसी दिसतात, कंपनीच्या हिशेबाने ते ६०० निघतात. कारण पीआयसी मोजण्याच्या तीन वेगवेगळ्या पट्ट्या आहेत आणि अर्जदार चुकीची पट्टी लावतो.

पहिली पट्टी लॉगबुकाची. एफएए या अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेच्या ६१.५१ या नियमानुसार, ज्या विमानाचं रेटिंग तुमच्याकडे आहे त्याची नियंत्रणं एकट्या तुमच्या हातात असतील तर तेवढा वेळ तुम्ही पीआयसी म्हणून नोंदवू शकता. शेजारी कॅप्टन बसलेला असो आणि विमानाची सगळी जबाबदारी त्याचीच असो, तरीही. म्हणजे टाइप रेटिंग (त्या ठरावीक विमानाची वेगळी परवानगी) असलेला फर्स्ट ऑफिसर, अर्थात सहवैमानिक, स्वतः उडवलेल्या फेरीचा वेळ पीआयसीच्या रकान्यात लिहितो, त्यात बेकायदा काही नाही. एटीपी या एअरलाइन वैमानिकाच्या लायसन्ससाठी लागणाऱ्या १५०० तासांपैकी २५० तास पीआयसी हवे असतात, तिथे ही नोंद उपयोगी पडते.

दुसरी पट्टी कंपनीची. तिथे नियमावलीच्या पहिल्या भागातली व्याख्या लागू होते: उड्डाणाचा अंतिम अधिकार आणि सुरक्षिततेची अंतिम जबाबदारी ज्याच्यावर, तो पीआयसी. एका उड्डाणाला असा माणूस एकच असतो. कंपनी विचारते, डिस्पॅच रिलीजवर, म्हणजे उड्डाणाच्या मंजुरीच्या कागदावर, कॅप्टन म्हणून सही कुणाची होती? तुमची असेल तर तास तुमचे. नसेल तर तो वेळ एसआयसीचा (सेकंड इन कमांड, सहवैमानिक), मग लॅंडिंग तुम्ही केलेलं असलं तरी.

ही पट्टी लावली की बरंच काही गळतं. फर्स्ट ऑफिसर म्हणून उडवलेल्या फेऱ्या जातात. सेफ्टी पायलट म्हणून (दुसरा वैमानिक फक्त उपकरणं बघून सराव करत असताना बाहेर नजर ठेवायला) बसलेले तास जातात. लांब पल्ल्याच्या उड्डाणात कॅप्टन विश्रांतीला गेलेला असताना डाव्या, म्हणजे कॅप्टनच्या, खुर्चीत काढलेला वेळ जातो, कारण बंकमध्ये झोपलेला कॅप्टनच त्या उड्डाणाचा पीआयसी राहतो. सिम्युलेटर धरायचा नाही. हेलिकॉप्टरला टर्बाइन इंजिन असलं तरी ते तास वेगळे, कारण अट फिक्स्ड विंगची असते. कॅप्टन म्हणून बढती मिळाल्यावर चेक एअरमनच्या (कंपनीच्या परीक्षक वैमानिकाच्या) देखरेखीखाली होणारं ऑपरेटिंग एक्सपिरियन्सही (प्रत्यक्ष फेऱ्यांवरचं प्रशिक्षण) धरू नये. त्या काळात जबाबदार चेक एअरमन असतो, तुम्ही पीआयसीची कामं देखरेखीखाली करत असता. हे तास थोडेच असतात, पण मुलाखतीत टाइप रेटिंगची आणि बढतीची तारीख लॉगबुकाशी ताडून बघतात, आणि तेवढ्या थोड्या तासांपायी बाकीच्या हजारांवर संशय ओढवतो.

खासगी कंपन्यांच्या बिझनेस जेटवर उडणाऱ्यांनी विशेष जपावं. तिथे दोघंही टाइप रेटेड असतात, फेरीगणिक खुर्च्या बदलतात आणि दोघंही अख्खं उड्डाण पीआयसी म्हणून लिहितात. दोघांनी एकाच कंपनीत अर्ज केला की उघडं पडतं. उड्डाणाआधी पीआयसी कोण हे ठरवून कागदावर घ्यावं आणि दुसऱ्याने एसआयसी लिहावं.

युरोपियन पद्धतीच्या लॉगबुकात पीआयसी अंडर सुपरव्हिजन, म्हणजे पिकस, असा प्रकार असतो. तिथे एटीपीएलला (युरोपातलं एटीपी) ५०० तास पिकस, किंवा २५० तास पीआयसी, किंवा त्या २५० पैकी किमान ७० तास पीआयसी आणि उरलेले पिकस असं चालतं. अमेरिकन कंपनीच्या अर्जात पिकसला कमांडचं वजन नाही. ते तास एसआयसीत टाकावेत.

यावर उपाय साधा आहे, फक्त तो पहिल्या दिवसापासून करावा लागतो. लॉगबुकात पीआयसीचे दोन रकाने ठेवा: एक ६१.५१ चा, एक सही केलेल्या कमांडचा. दुसऱ्या रकान्याचे आणखी भाग पाडा: एक इंजिन टर्बाइन, बहुइंजिन टर्बोप्रॉप, जेट. इलेक्ट्रॉनिक लॉगबुकात असे रकाने स्वतः तयार करता येतात. पाच वर्षांच्या नोंदी मागाहून वेगळ्या करायला बसलं की आठवणीवर भिस्त ठेवावी लागते, आणि मुलाखतीत आठवण पुरावा म्हणून चालत नाही.

विमानाचा प्रकार का महत्त्वाचा, तर 'टर्बाइन पीआयसी' आणि 'बहुइंजिन टर्बाइन पीआयसी' या दोन अटी निराळ्या आहेत. जाहिरातीतला एक शब्द वाचायचा राहिला की वर्षभराचा हिशेब चुकतो. सेसना कॅराव्हॅन हे फीडर कंपन्यांचं (मोठ्या मालवाहू कंपन्यांसाठी लहान गावांतून माल ने-आण करणाऱ्यांचं) नेहमीचं विमान. टर्बोप्रॉप इंजिन एकच, टाइप रेटिंग लागत नाही, आणि माल नेताना वैमानिक एकटाच असतो. तिथले तास अस्सल कमांडचे आहेत: आयएफआर (उपकरणांच्या भरवशावर उडणं), रात्र, बर्फ, आणि विचारायला शेजारी कुणी नाही. नुसती टर्बाइनची अट असेल तर ते मोजले जातात. बहुइंजिन असं लिहिलेलं असेल तर एकही तास धरला जात नाही. म्हणून फीडरमध्ये असणाऱ्याने बीच १९००, मेट्रो, एटीआर किंवा स्कायकुरियरवर जाण्याची संधी आली तर पगाराआधी हा हिशेब मांडावा. स्कायकुरियर, म्हणजे सेसना ४०८, २०२२ मध्ये सेवेत आलं. दोन टर्बोप्रॉप इंजिनं आणि १९,००० पौंड कमाल उड्डाणवजन असल्यामुळे त्याला टाइप रेटिंग लागतं. एटीआरवर दोन वैमानिकांचं काम असतं, आणि मोठ्या कंपन्यांना कॅप्टन म्हणून दुसऱ्या माणसाकडून काम करून घेतल्याचा अनुभव हवाच असतो.

आता तिसरी पट्टी. ती भरतीच्या वेळी कुणी दाखवत नाही, बढतीच्या वेळी आडवी येते. पार्ट १२१ खाली, म्हणजे नियमित एअरलाइनमध्ये, कॅप्टन होण्यासाठी १२१.४३६ या नियमाने १००० तासांचा ठरावीक अनुभव लागतो: पार्ट १२१ मध्ये एसआयसी म्हणून, किंवा फ्रॅक्शनल (अनेकांत वाटलेल्या) मालकीच्या विमानांवर ठरावीक प्रकारचा पीआयसी म्हणून, किंवा पार्ट १३५ (लहान विमानसेवांचे नियम) मधल्या १३५.२४३(अ)(१) खाली पीआयसी म्हणून, किंवा यांची बेरीज. १३५.२४३ चा तो उपभाग प्रवासी उड्डाणांसाठी आहे: जेट, दहा किंवा जास्त आसनांचं विमान, किंवा कम्युटर सेवेतलं (लहान विमानांच्या नियमित फेऱ्यांचं) बहुइंजिन विमान. एकट्याने कॅराव्हॅनमधून माल नेलेला वैमानिक यात कुठेच बसत नाही. त्याच्याकडे ३००० तास टर्बाइन पीआयसी असले तरी या हजारात त्यांची भर शून्य. नोकरी मिळेल, पण डाव्या खुर्चीत बसण्याआधी त्याला उजवीकडे हजार तास काढावे लागतील. लवकर बढतीचं आमिष दाखवणाऱ्या लहान मालवाहू कंपनीत जाताना हे ठाऊक असायला हवं.

हा नियम २०१३ चा. त्यामागे १२ फेब्रुवारी २००९ ला न्यू यॉर्क राज्यातल्या बफेलोजवळ झालेला कोल्गन ३४०७ या प्रवासी विमानाचा अपघात आणि त्यानंतर २०१० मध्ये अमेरिकन काँग्रेसने केलेला कायदा आहे.

लष्करी वैमानिकांसाठी गणित वेगळं. तिथे कमांडचा पुरावा म्हणजे एअरक्राफ्ट कमांडर म्हणून केलेली नेमणूक. विद्यार्थी म्हणून किंवा सहवैमानिक म्हणून उडवलेले तास पीआयसी नव्हेत. लष्करात वेळ साधारणपणे टेकऑफ ते लॅंडिंग धरतात, नागरी कंपन्या पार्किंगमधून हलल्यापासून पुन्हा थांबेपर्यंत. ही तफावत भरून काढायला काही कंपन्या प्रत्येक सॉर्टीमागे (लष्करी उड्डाणामागे) तासाचा ठरावीक अंश वाढवून देतात. तो अंश स्वतः मिळवून बेरीज भरू नका. अर्जातल्या सूचनेत काय लिहिलंय ते बघा, नाहीतर वाढ दोनदा धरली जाते. १२१.४३६ च्या हजारात एकाहून जास्त वैमानिक लागणाऱ्या उड्डाणांत बहुइंजिन टर्बाइन विमानावरच्या लष्करी पीआयसीचे जास्तीत जास्त ५०० तास धरता येतात.

मालवाहू कंपन्यांना उजव्या खुर्चीसाठी माणूस घेतानाही कमांडचा अनुभव का हवा असतो, हे कामाकडे बघितलं की कळतं. १९८८ किंवा १९९८ सालच्या विमानात रात्री दोन वाजता, विमानतळाच्या कोपऱ्यातल्या रॅम्पवर, धोकादायक मालाची यादी हातात येते. ती वाचून, माल कुठे ठेवलाय हे समजून, सही करायची की नाही हे ठरवणारा माणूस एकच. केबिन क्रू नाही, प्रवाशांच्या बाजूने आवाज उठवणारं कुणी नाही. विश्रांतीचे पार्ट ११७ चे नियम २०१४ पासून प्रवासी कंपन्यांना बंधनकारक आहेत, मालवाहू कंपन्यांना नाहीत. म्हणून 'मी थकलोय, हे उड्डाण घेत नाही' असं म्हणण्याची वेळ इथे जास्त येते.

२९ एप्रिल २०१३ ला अफगाणिस्तानातल्या बगराममधून उडालेल्या नॅशनल एअरलाइन्सच्या ७४७ मध्ये चिलखती वाहनं होती. आधीच्या फेरीत माल सरकल्याची आणि पट्टा तुटल्याची चर्चा कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात आहे. टेकऑफला वाहन मागे सरकलं, विमान सावरता येण्यापलीकडे गेलं, सातही जण गेले. ३ सप्टेंबर २०१० ला दुबईहून निघालेल्या यूपीएसच्या ७४७ मध्ये मुख्य डेकवर आग लागली. लिथियम बॅटऱ्या मालात होत्या. मालवाहू विमानाच्या मुख्य डेकवर आग विझवणारी यंत्रणा सहसा नसते; हवेचा दाब काढून आग उपाशी ठेवायची आणि लवकरात लवकर उतरायचं, एवढंच हाती असतं. अशा वेळी कुठे वळायचं ते पहिल्या मिनिटात ठरतं. उजव्या खुर्चीतल्या माणसाने असे निर्णय पूर्वी स्वतः घेतलेले असतील तर तो वेळेवर बोलतो. माझ्या मते हजार तासांच्या अटीचा खरा अर्थ हाच.

मुलाखतीतले प्रश्नही त्याच अंगाने येतात. एमईएलवर (कोणते बिघाड असताना उडता येतं त्याची यादी) पुढे ढकललेला बिघाड तुम्ही कधी नाकारलात? डिस्पॅचने दिलेल्यापेक्षा जास्त इंधन कधी मागितलंत, आणि का? फर्स्ट ऑफिसरशी मतभेद झाला तेव्हा काय केलंत? उत्तरात तारीख, हवामान, पर्याय आणि निर्णय हवा. लॉगबुकाच्या शेरा रकान्यात अशा दिवशी दोन ओळी लिहिण्याची सवय इथे कामी येते.

नोंदींच्या खरेपणाबाबत जरासुद्धा ढिलाई नको. २३ फेब्रुवारी २०१९ ला टेक्सासमध्ये कोसळलेल्या अ‍ॅटलास ३५९१ या मालवाहू ७६७ च्या तपासात फर्स्ट ऑफिसरचा प्रशिक्षणातला इतिहास भरतीच्या वेळी पूर्ण समोर आला नव्हता हे पुढे आलं, आणि वैमानिक नोंदींचा मध्यवर्ती डेटाबेस उभारायला एफएएने लावलेल्या उशिरावरही बोट ठेवलं गेलं. आता तो डेटाबेस आहे, आणि भरतीआधी कंपनीला तो बघावा लागतो. नापास झालेल्या चेकराइड (प्रत्यक्ष उड्डाणाच्या परीक्षा), आधीच्या नोकऱ्यांतलं प्रशिक्षण, सगळं तिथे दिसतं. लॉगबुकात खोटी नोंद केली तर लायसन्स रद्द होऊ शकतं.

प्रामाणिक माणसाचेही घोळ होतात ते बेरजेचे. मिनिटं आणि दशांश मिसळतात: १ तास ३० मिनिटं म्हणजे १.५, पण कुणी १.३ लिहितो. तोच तास पीआयसीत आणि एसआयसीत दोन्हीकडे पडतो. अर्जातली बेरीज मार्चची आणि मुलाखतीला नेलेलं लॉगबुक जूनचं. अर्ज अद्ययावत केल्याची तारीख आणि त्या दिवसापर्यंतची पानावरची बेरीज जुळलीच पाहिजे. त्या पानावर खूणचिठ्ठी लावून न्या.

किती काळ लागेल? प्रवासी रिजनल (कमी पल्ल्याच्या फेऱ्या करणाऱ्या) कंपनीत पार्ट ११७ ची मर्यादा ३६५ दिवसांत १००० तासांची आहे, त्यामुळे बढतीनंतर हजार तासांना किमान वर्ष लागणार हे नक्की. नवा कॅप्टन रिझर्व्हवर (बोलावणं येईल तेव्हा उडायला तयार) असतो, तास तुटपुंजे मिळतात; दोन वर्षं धरून चाला. पार्ट १३५ मध्ये वार्षिक मर्यादा १४०० तासांची, पण फीडरच्या फेऱ्या आखूड असल्याने तिच्या जवळपासही कुणी पोचत नाही. तिथे आयएफआरमध्ये पीआयसी व्हायला १२०० तास एकूण, ५०० क्रॉस कंट्री (एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी उडण्याचे), १०० रात्रीचे आणि ७५ इन्स्ट्रुमेंटचे लागतात. म्हणजे एटीपीच्या आधीच कमांड हाती येते, हा त्या वाटेचा मोठा फायदा. रिजनलची वाट बहुइंजिन जेट आणि १२१.४३६ दोन्ही एका फटक्यात सोडवते. दोन्ही वाटा खुल्या असतील तर मी रिजनल निवडायला सांगेन. बढतीची रांग चार-पाच वर्षांची झाली असेल, तर मात्र बहुइंजिन टर्बोप्रॉप असलेली फीडर कंपनी शोधा.