तिकडे तू करतेस तरी काय?

न्यू जर्सीतल्या आईच्या मैत्रिणी विचारतात, रत्नागिरीची आत्या विचारते, आणि मागच्या प्रवासात विमानात शेजारी बसलेल्या नागपूरच्या काकांनीही विचारलं, ‘अमेरिका सोडून कोरियात इंग्रजी शिकवायला? आणि तिकडे दिवसभर तू करतेस तरी काय?’ दर वेळी मी ‘मजेत आहे’ म्हणून सटकते. आज सटकत नाही, कारण वेळ भरपूर आहे. जानेवारी चालू आहे, मुलांना सुट्टी आहे, आणि करारात लिहिलंय म्हणून मी एकटीच साडेचारपर्यंत रिकाम्या शाळेत टेबलाशी बसले आहे. आम्ही परदेशी शिक्षक याला ‘डेस्क वॉर्मिंग’ म्हणतो. टेबल गार पडू नये एवढंच काम.

कोरियात का, याचं उत्तर लहान आहे. माझा पासपोर्ट. इथला इंग्रजी शिकवण्याचा ई-टू व्हिसा मुख्यतः सातच देशांच्या नागरिकांना मिळतो. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. पदवी कुठल्याही विषयाची चालते. माझी जीवशास्त्राची आहे. पुण्याची माझी मावसबहीण इंग्रजीत एम. ए. आहे, व्याकरणात मला दहा वेळा विकून खाईल, पण तिला हे दार सहजी उघडत नाही आणि मला उघडलं. यात माझं कर्तृत्व काही नाही, न्यू जर्सीतल्या एडिसन गावात एका इस्पितळात जन्मले एवढंच.

दार उघडलं म्हणजे लगेच आत बोलावलं असंही नाही. इथे अर्जाला फोटो लावायची पद्धत आहे. एका खाजगी क्लासच्या (इथे ‘हागवॉन’ म्हणतात) मध्यस्थाने मला सौजन्याने कळवलं की कागद सगळे उत्तम आहेत, पण पालकांना ‘अमेरिकन दिसणारी’ शिक्षिका हवी आहे. मी आरशात पाहिलं. अमेरिकन दिसत नव्हते खरी, आत्यासारखी दिसत होते. मग सरकारी शाळांसाठी अर्ज केला. १९९५ साली सुरू झालेला ‘एपिक’ नावाचा कार्यक्रम आहे, त्यातून आले आणि गिमहेला नेमणूक झाली. बुसानच्या शेजारचं हे शहर, हलक्या रेल्वेने जोडलेलं.

आता दिवसभराचं. आठवड्याला २२ तास. शाळेतले तास म्हणते मी, प्राथमिकचा तास चाळीस मिनिटांचा असतो. तिसरी ते सहावी. सोबत एक कोरियन सहशिक्षिका असते. ती शिस्त लावते, मी उच्चार करून दाखवते आणि हातवारे करते. शाळेच्या दारात बूट काढून सपाता घालायच्या. दुपारी स्टीलच्या कप्प्यांच्या ताटात भात, सूप, किमची आणि दोन-तीन तोंडीलावणी. कधी त्यात परतलेली बारीक सुकी मासळी येते, अगदी वाळवलेल्या मांदेलीची आठवण करून देणारी. माझ्याआधीची कॅन्सासची शिक्षिका ती बाजूला सारायची म्हणे. मी वाढपिणीकडे पुन्हा मागते. घर शाळेनेच दिलंय, एक खोली, जमीन खालून तापते, थंडीत गादीपेक्षा फरशीवर झोपायला बरं वाटतं. कचऱ्याचे नियम मात्र अजून पाठ झालेले नाहीत.

पण हे सगळं कुणीही सांगेल. आत्याला मी फोनवर जे सांगते ते वेगळंच आहे. नोकरी मला इंग्रजीमुळे मिळाली, आणि तास निभावतात ते मराठीमुळे.

लहानपणी दर रविवारी मला मराठी शाळेत बसवायचे. बाकी मुली सॉकर खेळत आणि मी ‘मी भात खाते’ गिरवत असे. तेव्हा राग यायचा. इथे आल्यावर कोरियनच्या पहिल्याच धड्यात वाक्य आलं, ‘नानुन बाबुल मोगोयो’. नानुन म्हणजे मी, बाबुल म्हणजे भात, मोगोयो म्हणजे खाते. जागच्या जागी! क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाच्या मागे चिकटलेला. माझ्या वर्गातले बाकीचे अमेरिकन डोकं धरून बसले होते आणि मी पहिल्यांदाच त्या रविवारच्या बाईंना मनातल्या मनात नमस्कार केला. भाताला इथे ‘बाप’ म्हणतात हे ऐकून आत्या पाच मिनिटं हसत होती. जेवणालाही तोच शब्द. आणि भेटल्यावर लोक विचारतात, ‘बाप मोगोस्सोयो?’ जेवलात का? शाळेचा रखवालदार रोज विचारतो. आमच्यातला एक टेक्सासचा मुलगा पहिला महिनाभर त्याला ताटात काय काय होतं ते खरंखुरं सांगत असे.

मुलांच्या चुकाही मला आतून कळतात. ‘आय सॉ डॉग’ म्हणतात, कारण ‘अ’ आणि ‘द’ त्यांच्या भाषेत नाहीत. आपल्याकडे तरी कुठे आहेत? माझी आजी एडिसनला तीस वर्षं राहून ‘ओपन विंडो’च म्हणत गेली. त्याहून गमतीचं ‘हो’ आणि ‘नाही’चं. ‘यू डोन्ट लाइक इट?’ विचारलं की मुलं ‘येस’ म्हणतात. टेक्सासवाला म्हणतो, अरे मग आवडतं की नाही? मला प्रश्नच पडत नाही. ‘तुला आवडत नाही ना?’ ‘हो, नाही आवडत.’ हे तर आमच्या घरातलंच बोलणं. पण मग मला उलटा व्यायाम करावा लागतो. मुलांचं म्हणणं कळलं तरी न कळल्यासारखं करून ‘नो, आय डोन्ट’ वदवून घ्यायचं. जे मला बरोबर वाटतं तेच चूक म्हणून शिकवायचा पगार मिळतो.

एकदा सहावीतल्या एका मुलीने वहीत लिहिलं, माय हार्ट इज ‘दुगुन-दुगुन’. इंग्रजीत काय लिहू, म्हणून विचारत होती. ‘पाउंडिंग’ सांगितलं, तिला पटलं नाही. मलाही पटलं नव्हतं. धडधड ते धडधड. कोरियनमध्ये असे जोडशब्द पोत्याने आहेत. चमचमला ‘बांच्चाक-बांच्चाक’, आगगाडी झुकझुक नाही तर ‘चिकचिक-पोकपोक’ करते. इंग्रजीत याला जागाच नाही, आणि तिथे मी आणि ती मुलगी एकाच बाजूला उभ्या असतो.

मुलं मला नावाने हाक मारत नाहीत, नुसतं ‘टीचर’. बाकीचे परदेशी शिक्षक यावर वैतागतात, ‘आम्हाला काय नाव नाही का?’ कोरियनमध्ये शिक्षकाला नावाने हाक मारणं उद्धटपणा, म्हणून मुलं तीच सवय इंग्रजीत आणतात. मला ते ‘बाई’सारखंच ऐकू येतं. वस्तू देता-घेताना इथे दोन्ही हात पुढे करतात. डाव्या हाताने काही दिलं की आजी हातावर चापट मारायची, त्यामुळे निम्मं शिक्षण आधीच झालेलं होतं. आणि पहिल्या भेटीतच वय विचारतात, लग्न झालं का विचारतात. त्याचा सराव मला भरपूर आहे.

गिमहेत एक गोष्ट मात्र अनपेक्षित होती. पहिल्याच तासाला तिसरीतल्या एकाने माझ्याकडे बोट दाखवून ओरडून सांगितलं, ‘हॉ ह्वांग-ओक!’ सहशिक्षिका लाजून लाल. नंतर कळलं, ती इथली राणी. तेराव्या शतकातल्या ‘साम्गुक युसा’ या ग्रंथातली कथा अशी की सन ४८ मध्ये आयुता नावाच्या देशाची राजकन्या जहाजाने आली आणि इथल्या सुरो राजाशी तिचं लग्न झालं. आयुता म्हणजे अयोध्या, असं बरेचजण मानतात. इतिहासकार आख्यायिकेपलीकडे जात नाहीत. दोघांच्या समाध्या गावातच आहेत. गिमहेचे किम स्वतःला त्यांचे वंशज म्हणवतात, आणि माझ्या प्रत्येक वर्गात पाच-सहा किम आहेत. राणीचं, म्हणजे आईचं, आडनाव लावणारे हॉ सुद्धा त्याच कुळाचे, म्हणून किम आणि हॉ आपसात लग्न करत नसत. एकाच मूळगावाच्या एकाच आडनावात लग्नाला तर कायद्याने बंदी होती, घटना न्यायालयाने ती १९९७ साली घटनेशी विसंगत ठरवली. हे मी आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, ‘म्हणजे सगोत्र.’ एका शब्दात विषय संपला. मला सहशिक्षिकेकडून समजून घ्यायला अर्धा तास लागला होता.

मी मालवणकडची, अयोध्येशी संबंध नाही, असं मुलांना सांगून पाहिलं. मग तू अमेरिकन कशी, हा पुढचा प्रश्न आला. फळ्यावर तीन देशांचा नकाशा काढला, मुलांनी पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हॉ ह्वांग-ओक.

नोव्हेंबरातली एक दुपार सांगते आणि उठते. गिमहे विमानतळाची विमानं आमच्या डोक्यावरून जातात, तासात चार वेळा तरी वाक्य अर्ध्यावर सोडावं लागतं. बारावीच्या मुलांची विद्यापीठ प्रवेशाची मोठी परीक्षा, सुनुंग, त्या गुरुवारी होती. इंग्रजी ऐकण्याचा भाग चालू असताना देशभर ३५ मिनिटं विमानांचं उड्डाण आणि उतरणं बंद ठेवतात. माझा पाचवीचा तास होता, मला आठवणही नव्हती. अचानक इतकी शांतता पसरली की मुलंही बोलायची थांबली. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो वर्षभर माझ्याशी इंग्रजीत एक शब्द बोलला नव्हता, छताकडे बघत म्हणाला, ‘टीचर. प्लेन नो.’

विमान नाही. मराठीत पूर्ण वाक्य आहे, कोरियनमध्येही आहे. ‘देअर आर नो प्लेन्स’ असं वदवून घ्यायला हवं होतं, सहशिक्षिका माझ्याकडे बघतही होती.

‘येस,’ मी म्हटलं, ‘प्लेन नो.’