आमची वाटचाल : टॉवेलाचा हिशोब आणि सोलापूरचं पाणी

आजोबा तेलंगणातून सोलापूरला आले ते हातमागावर बसायला. वडिलांनी चार यंत्रमाग घेतले, मी आणि धाकट्या भावाने टेरी टॉवेलची निर्यात सुरू केली. तो सगळा इतिहास मालाच्या प्रत्येक बॉक्सवर छापलाय, इथे पुन्हा उगाळत नाही. इथे सांगायचंय ते 2023 सालचं.

युरोपातल्या एका गिऱ्हाइकाने टॉवेलाचं जीवनचक्र विश्लेषण, म्हणजे एलसीए मागितलं. कापसापासून फेकून देईपर्यंतचा हिशोब. आम्ही एक सल्लागार गाठला. सूत, वीज, बॉयलरचं इंधन, रंग, मीठ, सगळी माहिती दिली. दोन महिन्यांनी गुळगुळीत कागदावरचा अहवाल आला. वडिलांनी तो शेवटपर्यंत चाळला आणि विचारलं, "यात पाणी कुठाय?"

खरंच नव्हतं! ज्या शहरात तेव्हा नळाला चार-पाच दिवसांतून एकदा पाणी यायचं, तिथल्या रंगणीच्या अहवालात पाण्याचा रकानाच नाही. सल्लागाराने जुन्या कामाचा साचा उचलला होता. त्यात पर्यावरणावरचे परिणाम मोजायची ट्रेसी पद्धत होती, अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची. तापमानवाढ, आम्लीकरण, धुरकं वगैरे दहा गोष्टी ती मोजते. पाण्याचा वापर त्यांत येत नाही. पद्धत वाईट नाही, आमच्या कामाची नाही एवढंच.

मग तो म्हणाला, "तीन पद्धतींनी काढून देतो, चांगली दिसेल ती ठेवा." खोटं कशाला बोलू, मोह झाला. रेसिपी 2016 नावाच्या पद्धतीत पाणी आहे, पण तिच्या मिडपॉइंट पातळीवर, म्हणजे अंतिम नुकसानाच्या आधीच्या टप्प्यावर, ते नुसतं घनमीटरमध्ये मोजलं जातं. सोलापूरचा घनमीटर आणि नॉर्वेचा घनमीटर सारखाच. आम्ही तिथे बरे दिसलो असतो.

शेवटी युरोपीय आयोगाची ईएफ 3.1 ही पद्धत घेतली. गिऱ्हाईक युरोपातलं, हे एक कारण. दुसरं, ती मोजते त्या परिणामांच्या सोळा प्रकारांत पाण्यासाठी अवेअर पद्धत आहे. माणसं आणि निसर्ग यांची गरज भागल्यावर त्या खोऱ्यात किती पाणी उरतं, ते पाहून ती 0.1 ते 100 पर्यंतचा गुणक लावते. जगाची सरासरी 1. सल्लागाराने देशाचा सरासरी गुणक लावला होता. त्या सरासरीत चेरापुंजीही आली आणि कोकणही! भीमा खोऱ्याचा लावा, म्हणून मी हटून बसलो.

त्यात आमचंच पितळ उघडं पडलं. खेचलेलं सगळं पाणी वापरलेलं धरत नाहीत. त्याच खोऱ्यात परत जातं ते वजा होतं. परत किती जातं, हे आम्हाला माहीतच नव्हतं. मीटर एकच, तोही आत येणाऱ्या पाण्यावर. बाहेर जाणाऱ्या पाण्यावर आणि बॉयलरवर मीटर बसवून सहा महिने नोंदी केल्या, तेव्हा कुठे आकडा धरता आला.

भावाला सगळ्या प्रकारांना वजनं देऊन एकच गुण काढायचा होता, "इतरांपेक्षा हिरवा टॉवेल" असं लेबलवर टाकायला. आयएसओ 14044 या एलसीएच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे जाहीर तुलनेसाठी असा वजन दिलेला गुण चालत नाही. तो अजून माझ्यावर फुगलाय.

अहवाल वाचून गिऱ्हाइकाने एकच प्रश्न विचारला: कापूस कोरडवाहू की बागायती? सूतगिरणीला फोन केला, तर तिकडून हसू ऐकू आलं. आता सुताच्या प्रत्येक लॉटसोबत कापसाच्या गाठींचा जिल्हा लिहून मागतोय. तीनपैकी एका गिरणीने द्यायला सुरुवात केली आहे.