सवलतीचा कागद

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत आमचा हायड्रॉलिक सिलिंडरचा कारखाना आहे. निविदा भरायचं काम माझ्याकडे. मागे एका केंद्रीय उपक्रमाच्या निविदेत आम्ही दुसरे आलो. त्याचं काही नाही, ते चालतंच. पण एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी दराचा, कोण, तर परदेशी सिलिंडर आणून विकणारा व्यापारी! सरकारी खरेदीत देशी मालाला प्राधान्य देणारा २०१७ चा मेक इन इंडिया आदेश, २०२० च्या सुधारणेसकट, मला जवळजवळ पाठ आहे. देशी वाटा ५० टक्के किंवा जास्त असेल तो पहिला वर्ग, किमान २० असेल तो दुसरा. त्याखालच्याला २०० कोटींच्या आतल्या खरेदीत एरवी दारच बंद. मग हा आत शिरला कसा? विचारलं तर एका ओळीचं उत्तर आलं: "सक्षम प्राधिकाऱ्याच्या आदेशानुसार सूट." आदेश निविदेला जोडलेला नव्हता, संकेतस्थळावरही सापडेना.

"जाऊ दे की गं, दुसरं टेंडर बघ," मालक म्हणाले. मी दहा रुपये भरून माहिती अधिकाराचा अर्ज टाकला आणि फाइलच बघायला मागितली.

राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्रभर बसून बेंगळुरू गाठलं. बघायला पहिला तास फुकट, पुढं तासाला पाच रुपये. माहिती अधिकारी सज्जन निघाले, चहासुद्धा मागवला. "यात गुपित काही नाही मॅडम, कुणी मागितलंच नाही," ते कन्नडात म्हणाले.

आदेश दीड पानाचा. मंत्र्यांची मंजुरी होती, लेखी कारणही होतं: देशात पुरेशी उत्पादनक्षमता नाही. खाली प्रती कुणाला, तर २०१७ च्या आदेशावर देखरेख करणारी स्थायी समिती आणि नोडल मंत्रालय, म्हणजे त्या वस्तूचं काम बघणारं मंत्रालय. २०१७ च्या आदेशातल्या सवलतीच्या कलमात तेवढंच सांगितलंय. लोकांसमोर ठेवा, असं त्यात नाही. म्हणजे नियम कुणी मोडला नव्हता, आणि मला तेच जास्त खटकलं. मागे बाजार-पाहणी टाचलेली होती. तीन पत्रं, तिन्ही वितरकांची. कारखानदाराचं एकही नाही! बोअरचा व्यास आणि टेस्टिंगचा दाब वाचला. तसलाच सिलिंडर त्या आठवड्यात आमच्या टेस्ट बेंचवर चढला होता.

सूट कधीच देऊ नये, असं मी म्हणणार नाही. काही सील आम्हीच बाहेरून मागवतो. पण आदेश काढण्याआधी चार ओळी जाहीर केल्या असत्या, तर उद्यमबागेतून, मच्छेतून पत्रं गेली असती. अमेरिकेत नोव्हेंबर २०२१ च्या कायद्यानं सरकारी पैशाच्या पायाभूत कामांत देशी लोखंड-पोलाद सक्तीचं केलं. तिथं सूट द्यायची तर आधी प्रस्ताव कारणासकट जाहीर करून किमान १५ दिवस लोकांचं म्हणणं मागवावं लागतं. शेजारच्या फाउंड्रीचं कास्टिंग तिकडं जातं, म्हणून ते प्रस्ताव आम्ही इथं बसून वाचतो. आपल्या सरकारचा कागद वाचायला मात्र रात्रीची गाडी!

पानाला दोन रुपये देऊन प्रती आणल्या. मालकांनी त्या उभ्याउभ्याच वाचल्या. "क्षमता नाही म्हणतात होय? मग आपण काय करतोय इथं?" त्याच दिवशी मशिनांची यादी आणि टेस्ट रिपोर्ट जोडून नोडल मंत्रालयाला पत्र गेलं. ती खरेदी हातची गेलीच होती. आता प्री-बिडमध्ये, म्हणजे निविदा भरण्याआधीच्या बैठकीत, माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: देशी वाट्याच्या अटीतून सूट दिली असल्यास आदेशाची प्रत निविदेला जोडावी. कुठं प्रत मिळते, कुठं "निविदेतील अटींनुसार" एवढंच उत्तर येतं. तसं आलं की मी माहिती अधिकाराचा नवा अर्ज टाकते.