‘चर्चगेट’ वाचणारा मुलगा

प्रभादेवीच्या एका नेत्रतज्ज्ञांकडे मी सतरा वर्षं ऑप्टोमेट्रिस्ट म्हणून काम करते. नंबर काढणं, तिरळेपणा मोजणं, लहान मुलांना गोडीत घेऊन तपासणं हे माझं रोजचं काम. त्या शनिवारी एक दहा वर्षांचा मुलगा आईबरोबर पीएमटीला आला होता. डोळ्यांत ड्रॉप्स टाकून तपासल्यावर, त्यांचा अंमल उतरला की नंबर पक्का करायला पुन्हा बोलावतात, ती ही तपासणी. ड्रॉप्स गुरुवारी टाकले होते. बाहेर धो धो पाऊस होता आणि वेटिंगमध्ये छत्र्यांचं पाणी साचलं होतं.

मुलगा चौथीत, मराठी माध्यमात. आईची तक्रार गुरुवारीच लिहून घेतली होती: वाचताना ओळ चुकतो, अक्षरं खातो, अंदाजपंचे वाचतो, फळ्यावरचं उतरवताना शब्द गाळतो. दोन वर्षांत दोन ठिकाणांहून दोन चष्मे झाले होते. दोन्ही मी लेन्सोमीटरवर लावून पाहिले. पहिल्याचा नंबर उणे पाव, दुसऱ्याचा अधिक पाव. एवढ्याशा नंबरानं कुणाचं वाचन अडत नाही.

तपासणीत सगळं चोख निघालं. लांबचं ६/६, जवळचं एन ६. ड्रॉप्समध्ये अधिक अर्धा, म्हणजे या वयाला अगदी साजेसा. दोन्ही डोळे नाकाजवळच्या खुणेकडे नीट वळत होते, खोलीची जाणही उत्तम होती. मी फाइल मिटली आणि हसून म्हटलं, “ताई, डोळे एकदम नॉर्मल आहेत. चष्मा लागत नाही.”

आनंद होईल असं मला वाटलं होतं. बाईंनी मुलाकडे वळून त्याच्या दंडाला चिमटा काढला. “म्हणजे मुद्दाम करतोस ना? बघ, मॅडम पण म्हणाल्या.”

तो रडला नाही. खुर्चीत थोडा खाली सरकला आणि हनुवटी टेकवायच्या पट्टीकडे बघत राहिला. असं बघणं मी आधीही बऱ्याच मुलांच्या चेहऱ्यावर पाहिलं असेल, पण माझ्या त्या एका वाक्याचा त्याच्याशी संबंध मी कधी जोडला नव्हता. ‘डोळे नॉर्मल’ हे आमच्या लेखी चांगलं निदान असतं. घरी मात्र तो मुलावरचा आरोप होतो: आळशी आहे, नाटकं करतो.

पुढचे दोन पेशंट मी सहकाऱ्याकडे पाठवले आणि या मुलाला माझ्या टेबलाशी बसवलं.

“कुठं कुठं फिरतोस रे?” विचारल्यावर कळलं, आई चर्चगेटच्या एका ऑफिसच्या कँटीनमध्ये कामाला आहे आणि सुट्टीत हा तिच्याबरोबर जातो. मी कागदावर ‘चर्चगेट’ लिहिलं. त्यानं क्षणात सांगितलं. ‘दादर’ सांगितलं, ‘अंधेरी’ सांगितलं. आई म्हणाली, “स्टेशनवरचा इंडिकेटर त्याला मुखपाठ आहे हो, पुस्तकच येत नाही.” मग मी ‘मार्च’ लिहिलं. तो थांबला. “माच?” म्हणाला, मग “मारच”. ‘मिर्ची’ लिहिलं, तर “मिची”. ‘चर्चगेट’मधला ‘र्च’ जसाच्या तसा या दोन्ही शब्दांत आहे, पण त्याला तो दिसला नव्हता. ‘चर्चगेट’ त्यानं वाचलंच नव्हतं, चेहरा ओळखावा तसं ओळखलं होतं.

तो कागद मी अजून ठेवला आहे. आपली लिपी डोळ्यांकडून किती काम करून घेते ते त्यावर स्पष्ट दिसतं. ‘मिर्ची’ची पहिली वेलांटी लिहिलेली आधी, उच्चारायची मागून. रफाराचा ‘र’ उच्चारायचा ‘च’च्या आधी, पण बसलेला असतो ‘ची’च्या डोक्यावर, तोही दुसऱ्या वेलांटीला खेटून. म्हणजे नजर पुढे जाणार, वर जाणार, मागे येणार, आणि हे सगळं डोळ्याचं पातं लवण्याआत. वर शिरोरेषा सगळ्या अक्षरांना एका दोरीत बांधून ठेवते. आपल्याला हे जाणवतही नाही, कारण मेंदूनं ते कधीच अंगवळणी पाडून घेतलेलं असतं.

वाचताना डोळे ओळीवरून सरकत जात नाहीत, उड्या मारतात. एका जागी सुमारे पाव सेकंद थांबतात, तेवढ्यात दिसेल ते टिपतात आणि पुढे उडी घेतात. बारीक अक्षर स्पष्ट दिसतं ते नजरेच्या अगदी मधल्या, दोनेक अंशांच्या भागात. त्याच्या कडेची अक्षरं एकमेकांत मिसळतात. एकटं अक्षर ओळखणारा मुलगा त्याच अक्षराला दोन शेजारी मिळाले की गोंधळतो. याला दृष्टीतली गर्दी म्हणतात. सहा मीटरवरच्या तक्त्यावर सुटी अक्षरं मोठ्या अंतरानं छापलेली असतात, म्हणून तिथं हा मुलगा ६/६ येतो. पुढची उडी कुठं मारायची हे डोळ्यांच्या आधी लक्ष ठरवतं, आणि लक्षाचा तक्ता आमच्या दवाखान्यात टांगलेला नसतो.

२०१२ साली इटालियन आणि फ्रेंच भाषेत वाचणाऱ्या, डिस्लेक्सिया म्हणजे वाचनाची अक्षमता असलेल्या ७४ मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. मजकूर तोच ठेवून फक्त अक्षरांमधलं अंतर वाढवलं, तर कसलाही सराव न घेता मुलं जास्त वेगानं आणि कमी चुका करून वाचू लागली. मी संगणकावर मराठीत तसं करायला गेले, तर शिरोरेषा तुटली आणि शब्द आणखीच विचित्र दिसायला लागला. मग जाड स्केचपेननं हातानं लिहिलं: शब्द मोठे, दोन शब्दांत बोटभर जागा, एका ओळीत तीनच शब्द. प्रिस्क्रिप्शनच्या कोऱ्या कागदाला एक खिडकी कापून ती ओळीवर ठेवली. तो वाचू लागला. ओळ चुकली नाही, शब्द गाळला नाही. आई पुढे झुकून बघत होती.

इथंच थांबले असते तर माझी दुसरी चूक झाली असती. खिडकीतूनही जोडाक्षरावर तो अडतच होता. मी कागद बाजूला ठेवला आणि नुसतं तोंडी विचारलं, “‘पाटली’तला ‘ट’ काढून टाकला तर काय उरेल?” बराच वेळ ओठ हलले. “पाटी?” मग मी अर्थ नसलेले शब्द लिहून दिले, ‘लमटी’, ‘गोरकू’. त्यांवर तो पार कोलमडला, कारण इथं चेहरा ओळखून भागत नव्हतं.

म्हणजे अडचण एकट्या नजरेची नव्हती. शब्दातले आवाज सुटे करून अक्षराशी जोडणं मेंदूला जड जातं, हे डिस्लेक्सियाचं सगळ्यांत भक्कम पुराव्याचं कारण आहे. वाचायला शिकताना डाव्या मेंदूच्या मागच्या खालच्या बाजूचा एक पट्टा अक्षरं ओळखण्यासाठी तयार होतो आणि तो आवाजाच्या, अर्थाच्या भागांशी जोडला जातो. या मुलांमध्ये हे जाळं कमी सक्रिय दिसतं. लक्षातला दोष मूळ कारण आहे, की वाचन कमी झाल्यामुळं लक्षाला वळण लागत नाही, यावर संशोधकांत अजून वाद आहे. माझ्या मते खिडकीचा कागद म्हणजे हाताला धरून नेणं, इलाज नव्हे. इलाज म्हणजे आवाज आणि अक्षर यांची सावकाश, रोज, नेटानं करून घेतलेली शिकवणी.

हे मला उशिरा समजलं, म्हणून स्पष्ट लिहिते. नोकरीच्या पहिल्या वर्षांत अशाच तक्रारीच्या मुलांना मी पेन्सिल नाकाजवळ आणण्याचे व्यायाम सांगितले होते. ज्यांचे डोळे जवळ वळत नाहीत त्यांना ते उपयोगी पडतात. या मुलांचे डोळे वळत होते. अमेरिकेतल्या बालरोग आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ साली एकत्र निवेदन काढून सांगितलं, की डोळ्यांचे व्यायाम किंवा रंगीत काचा यांनी डिस्लेक्सिया बरा होतो याला पुरावा नाही. त्या मुलांचे महिने माझ्यामुळं वाया गेले, आणि ते कुणी परत देऊ शकत नाही.

आईबाप अशा मुलाला आधी डोळ्यांच्याच डॉक्टरकडे आणतात, हे काही आजचं नाही. ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द १८८० च्या दशकात रुडॉल्फ बर्लिन या जर्मन नेत्रतज्ज्ञानंच दिला. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्लिश डॉक्टरांनी चौदा वर्षांच्या एका मुलाबद्दल लिहिलं. सगळं तोंडी शिकवलं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरेल, असं त्याचे मास्तर म्हणत.

मी हे बाईंना सांगितलं. त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “मॅडम, तोंडी हिशेब हा माझ्यापेक्षा लवकर करतो. मी त्याला किती मारलंय.” पुढे बोलता येईना. मुलानं तिच्या पर्सची चेन उघडून रुमाल काढून दिला.

फाइलवर ‘डोळे नॉर्मल’ या शब्दांखाली मी लिहिलं: ‘वाचनाची अडचण खरी आहे. मुलगा मुद्दाम करत नाही. अध्ययन अक्षमतेची तपासणी आवश्यक.’ सरांची सही घेतली आणि शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या एलडी (लर्निंग डिसॅबिलिटी) क्लिनिकच्या नावे चिठ्ठी दिली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अक्षमता धरली आहे, प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो, हेही सांगितलं. शाळेत दाखवायला त्या फाइलच्या पानाची झेरॉक्स बाईंनी मागून घेतली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ब्लाउजशी धरली.

खिडकीचा कागद मुलाच्या हातात होता. दारात छत्री उघडताना तो समोरच्या दुकानाच्या पाटीकडे बघत थांबला. ‘फर्निचर’ लिहिलेलं होतं. त्यानं एक डोळा मिटून, खिडकीतून पाटीवर नेम धरला.

“ते वरचं... मिर्चीतलं,” तो म्हणाला, “तिथं पण आहे.”

“काय लिहिलंय?” आईनं विचारलं.

“ते नाही येत,” तो म्हणाला, आणि खिडकी एक अक्षर पुढे सरकवली.