कराराचं लग्न: कारण, अटी आणि मुदत

प्रेमकथेत लग्न शेवटी येतं, हा नेहमीचा हिशोब. कराराच्या लग्नाच्या कादंबरीत, म्हणजे जिथे दोघं प्रेमापोटी नव्हे तर गरजेपोटी, अटी आणि मुदत ठरवून लग्न करतात, ते तिसऱ्या-चौथ्या प्रकरणातच उरकलेलं असतं. दोघं एका घरात राहायला आलेली असतात, दारावर पाटी लागलेली असते, पाहुण्यांसमोर हातात हात असतो, आणि तरी पुढची दोनशे पानं पुस्तक खाली ठेववत नाही. कारण 'ही दोघं एकत्र येणार का' हा प्रश्न मिटला की त्याच्या जागी त्याहून चिवट प्रश्न येतो. जायची मुभा आहे, जायची तारीखही ठरलेली आहे. मग मला जायचं नाही, हे आधी कोण बोलणार?

ही मुभा आजच्या कथांची खासियत आहे. रीजन्सी काळातल्या, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्लंडवर लिहिलेल्या कादंबऱ्यांत ती नसते. तिथे १८५७ पूर्वी पूर्ण घटस्फोट हवा असेल तर पार्लमेंटकडून खास कायदा करून घ्यावा लागे, आणि विवाहित बाईच्या मालमत्तेवर तिचा स्वतःचा हक्क नीटसा प्रस्थापित झाला तो १८८२ च्या कायद्याने. त्या नायिका सोयीसाठी लग्न करतात ते दुसरी सोयच नसते म्हणून, आणि एकदा आत गेल्यावर बाहेर पडायला वाट नसते. आजच्या नायिकेला वाट आहे. त्यामुळे लेखकाचं काम वाढतं. वाट मोकळी असताना या दोघांनी मुदतीपर्यंत तरी का थांबावं, याचं पटेल असं कारण त्याला उभं करावं लागतं. या प्रकारातल्या निम्म्या कादंबऱ्या तिथेच पडतात.

आजोबांच्या मृत्युपत्राचं कारण सगळ्यात झिजलेलं. 'तिशीच्या आत लग्न केलंस तरच कंपनी तुझी.' आजोबांना एवढी घाई होती तर जिवंतपणीच स्थळं बघायची होती! अनाथ भाच्याचा ताबा मिळवण्यासाठी केलेलं लग्न जरा बरं, कारण घरात एक मूल येतं आणि मुलासमोर नाटक चोवीस तास करावं लागतं.

अमेरिकी कथांमध्ये ग्रीन कार्डचं कारण बरंच चालतं. दिसायला सोपं, पण त्यात एक खड्डा आहे. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत ग्रीन कार्ड मंजूर झालं तर ते दोन वर्षांचं, सशर्त मिळतं. मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत नवरा-बायकोने मिळून अर्ज करून ती अट काढून घ्यायची असते. अधिकाऱ्याला संशय आला तर दोघांना वेगवेगळं बसवून तेच प्रश्न विचारता येतात: पलंगाच्या कुठल्या बाजूला कोण झोपतं, पडद्यांचा रंग कोणता, काल रात्री काय जेवलात. कादंबरीला हे सोन्यासारखं आहे, कारण परीक्षेच्या तयारीसाठी एकमेकांचा अभ्यास करावा लागतो आणि अभ्यास करता करता ओढ लागते. खड्डा पुढे आहे. तिथल्या कायद्यात बघितला जातो तो लग्नाच्या वेळचा हेतू. तेव्हा संसार करायचा इरादा नसेल तर नंतर कितीही जीव जडला तरी आधीची फसवणूक धुतली जात नाही. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड. 'आता आमचं खरंच प्रेम आहे हो साहेब' या संवादावर अधिकारी विरघळतो, तो फक्त पुस्तकात. ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या तिथल्या मराठी वाचकाला ही चूक पहिल्या फटक्यात दिसते. जाणता लेखक हेतू सुरुवातीपासूनच थोडा गढूळ ठेवतो. दोघांपैकी एकाला तरी हे लग्न मनातून खरं हवं असतं.

याच अडचणीमुळे आरोग्य विम्याचं कारण जास्त निर्धोक. अमेरिकेत विमा बऱ्याच जणांना नोकरीतून मिळतो आणि तो बहुतेक वेळा जोडीदारालाही लावता येतो. लग्नानंतर जोडीदाराचं नाव घालायला किमान ३० दिवसांची खिडकी मिळते. ती चुकली तर वार्षिक नोंदणीची वाट बघत बसा. म्हणजे घाई आपोआप आली, मुदत आपोआप आली, आणि विमा कंपनी पडद्यांचा रंग विचारत नाही. चोखंदळ वाचक मात्र इथेही टोकतो: नोकरी गेली तरी 'कोब्रा' कायद्याखाली साधारण १८ महिने जुना विमा चालू ठेवता येतो, मग लग्न कशाला? त्याला उत्तर एका वाक्यात द्यायचं. एक तर सगळा हप्ता, वर दोन टक्क्यांपर्यंत खर्च, स्वतःच्या खिशातून भरावा लागतो. दुसरं, वीसपेक्षा कमी माणसं असलेली कंपनी त्या केंद्रीय कायद्यात येत नाही. या कथांमधल्या इतक्या नायिका छोट्या बेकरीत का काम करतात, याचं हे एक व्यवहारी कारण.

कारण कुठलंही घ्या, गरज दोन्हीकडे असली पाहिजे. त्याच्याकडे पैसा, तिच्याकडे वडिलांचं हॉस्पिटलचं बिल, आणि त्याला बदल्यात हवी फक्त 'एक बायको', अशा मांडणीत तो मालक आणि ती नोकर होते. पुढे तो कितीही हळवा झाला तरी वाचकाच्या मनातून ते जात नाही. त्याचंही काहीतरी खरोखर अडलेलं हवं, आणि ते तिच्याशिवाय सुटू नये. 'हीच का?' या प्रश्नाला 'समोर होती म्हणून' हे उत्तर चालत नाही.

मग येतात अटी, आणि मराठी वाचकाला या प्रकाराची गोडी लागते ती इथे. आपल्याकडे ठरवून केलेल्या लग्नातही अनोळखी माणूसच घरात येतो. पण बैठकीत बोलतात मामा आणि काका. याद्या होतात त्या मानपानाच्या, कुठल्या बाजूची किती माणसं, हॉलचं भाडं कोणाकडे. ज्यांचं लग्न आहे ती दोघं चहाचे कप उचलत असतात. कराराच्या लग्नात यादी करायला तीच दोघं बसतात. भाडं कोण किती देणार, स्वयंपाक कोणाचा, रविवारी कोणाच्या आईकडे, झोपायचं कुठे, कोणाला खरं सांगायचं आणि कोणाला नाही. खऱ्या लग्नाआधी जे बोलायची सोय नसते ते सगळं इथे टेबलावर येतं. प्रेम नाही म्हणून संकोच नाही, आणि संकोच नाही म्हणून खरं बोललं जातं. पहिल्या चुंबनापेक्षा हे यादीचं प्रकरण पुन्हा पुन्हा वाचणारे वाचक बरेच आहेत, आणि त्यांचं बरोबर आहे.

लिहिणाऱ्याने अटी पाच-सहाच ठेवाव्यात. प्रत्येक अट म्हणजे वाचकाला दिलेलं वचन असतं की ही मोडणार, आणि वीस अटी केल्या की मोडायला पानं पुरत नाहीत. अट मोजता येईल अशी हवी. 'एकमेकांच्या भावनांत गुंतायचं नाही' ही अट कुचकामाची, कारण ती कधी मोडली ते दाखवता येत नाही. 'चारचौघांत सोडून हात धरायचा नाही' ही कामाची. चुलत बहिणीच्या मुलाचं बारसं आहे. तिसऱ्या मजल्यावर सगळ्यांसमोर त्याने तिचा हात धरलाय, आत्याने बघून मान डोलावलीय. निरोप घेऊन दोघं लिफ्टमध्ये शिरतात, जाळीचं दार लागतं, आत दुसरं कोणी नाही. तळमजला येतो. हात तसाच आहे. तो 'सॉरी' म्हणून सोडतो आणि ती पर्समध्ये किल्ली शोधू लागते, जी मुळात त्याच्याकडे आहे. एवढं पुरतं. इथे एक परिच्छेदभर मनातल्या घालमेलीचं वर्णन घातलं की लिफ्ट वाया गेली.

छोट्या अटी आधी मोडायच्या, मोठी शेवटी. पन्नास हजार शब्दांच्या कादंबरीत लग्न दहा-बारा हजारांच्या आत हवं, पहिली अट त्यानंतर लगेच, आणि मूळ कारण निम्म्याच्या पुढे केव्हातरी संपलं पाहिजे. हा टप्पा बरेच जण गाळतात. कर्ज फिटलं, शस्त्रक्रिया झाली, वारसा मिळाला. आता थांबायचं कारण उरलं नाही आणि कोणी विषयच काढत नाही. पूर्ण प्रकारातली सगळ्यात चविष्ट जागा ही. तिथे लेखकाने गैरसमज किंवा जुनी प्रेयसी आणून बसवली की समजावं, त्याला आपल्या हातातलं काय ते कळलेलं नाही.

मराठीत हा प्रकार सध्या जोरात आहे तो प्रतिलिपीसारख्या ऑनलाइन कथांच्या ठिकाणी, क्रमशः भागांत. साचा ठरलेला: गर्विष्ठ उद्योगपती, मध्यमवर्गीय मुलगी, सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, करार मोडला तर एक कोटी दंड. यातलं कायद्यात जवळपास काहीच बसत नाही. लग्न करतानाच पुढे वेगळं व्हायचं ठरवणारा करार सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरतो, १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २३ खाली कोर्टात टिकत नाही, आणि त्यातला दंडही नाही. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून अनेक दस्तांना शंभरऐवजी पाचशेचा स्टॅम्प लागतो. तो लावला तरी फरक शून्य. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे लग्नाआधी करार करता येतो, पण तो मालमत्ता कशी वाटायची याचा, संसार कधी संपवायचा याचा नव्हे. नायकाच्या तिजोरीतला कागद म्हणजे दिलेला शब्द, बाकी काही नाही. हे पात्रांना माहीत असलं तर कथा उलट चढते.

'रजिस्टर लग्न' एका दुपारीत उरकणंही तसंच. विशेष विवाह कायद्यात ३० दिवसांची नोटीस लागते, ती कार्यालयात लावली जाते, सही करायला तीन साक्षीदार लागतात. हिंदू विवाह कायद्याखाली विधी झाले नसतील तर नुसत्या नोंदणीने लग्न होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे नाटकातल्या नवरीलाही खरे सात फेरे घ्यायला लावा.

सहा महिन्यांची मुदत तर निव्वळ गंमत. लग्नाला वर्ष व्हायच्या आत, असाधारण त्रासाचं कारण दाखवून परवानगी मिळवल्याशिवाय, घटस्फोटाचा अर्जच करता येत नाही. परस्पर संमतीसाठी एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, आणि पहिल्या अर्जानंतर दुसऱ्या टप्प्यासाठी सहा ते अठरा महिने. लेखकांनी या कायद्यावर रागवायचं कारण नाही, कारण त्याने दीड वर्ष हातात दिलंय आणि मराठी घरात लग्नाचं पहिलं वर्ष म्हणजे तयार कथानक. श्रावणात मंगळागौर, दिवाळीला दिवाळसण, मध्येच अधिक महिना सापडला तर जावयाला तेहतीस अनारसे. संक्रांतीला काळी साडी आणि हलव्याचे दागिने. सासू रात्री जागून हलव्याचा एकेक दाणा ओवतेय, बिंदी, बाजूबंद, मंगळसूत्र, आणि नवरीला माहीत आहे की पुढच्या संक्रांतीला आपण या घरात नसू. नवऱ्याला ती फसवत नाही, त्याला सगळं माहीत आहे. फसतेय ती सासू. या ठिकाणी कोट्यधीश नायकाची काही गरज उरत नाही.

शेवटासाठीही कायद्यानेच दोन गोष्टी देऊन ठेवल्यात. १९९१ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की 'वेगळं राहणं' याचा अर्थ नवरा-बायको म्हणून न राहणं. एका छपराखाली राहूनही माणसं वेगळी राहू शकतात. कराराच्या लग्नाचं याहून नेमकं वर्णन कुठल्या कादंबरीत सापडणार नाही. त्याच निकालानुसार घटस्फोटाचा हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं. आणि २०१७ पासून सहा महिन्यांचा थांबा कोर्ट माफही करू शकतं, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो.

तर दोघांना वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात पहिला अर्ज करू द्या. वकीलबाई सांगतात, थांबा माफ करून घेता येईल, मसुदा तयार आहे, फक्त दोघांच्या सह्या हव्यात. तो म्हणतो, तिला विचारतो. ती म्हणते, त्याला वेळ झाला की बघू. मसुदा फ्रिजवर चुंबकाखाली लागतो, त्याच्यावर गॅसच्या बुकिंगचा नंबर लिहिला जातो, आणि मे महिना उजाडतो.